खर्रा सोडला अन् तोंड आलं

"मॅडम, खर्रा खात होतो तवा एक फोड नाही आला. सोडला तं तोंड आलं!" यवतमाळकडच्या गावांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्याच भेटीत मीच हा विषय काढते. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी अन् चुन्याचं मिश्रण; त्याची पन्नी पुन्हा उघडायला याहून सोपं निमित्त नाही.

पस्तिशीतला एक शेतकरी. खालच्या ओठाच्या आत दोन फोड, मधे पिवळट पांढरे, कडेने लालभडक.

"कॅन्सर तं नाही ना? लेकराईले लागन का?"

"खर्रा कुठे धरायचे?"

"डाव्या गालात."

"आणि फोड?"

"ओठात..." तो थबकला.

खर्रा धरायची जागा वेगळी, फोडाची वेगळी. हे फोड कॅन्सरचे नाहीत, आणि लागतही नाहीत. आपल्याच संरक्षक टी पेशी तोंडाच्या अस्तरातल्या पेशींवर हल्ला करतात, टीएनएफ नावाचं रसायन सोडून आणखी पेशी बोलावतात. अस्तर फाटतं, खालच्या नसा उघड्या पडतात, म्हणून एवढ्याशा फोडाची इतकी आग. तंबाखूने अस्तर जाड झालेलं असतं. सोडल्यावर तो थर उतरतो, त्यात झोप मोडलेली, जीव कासावीस; मग फोड येतात.

"म्हणजे राखणदारानंच वावर तुडवलं," तो म्हणाला. "मग खर्रा पुन्हा खाल्ला तं?"

"फोड थांबतीलही. पण सुपारीने तोंड आखडतं, तंबाखूने कॅन्सर होतो, आणि सुरुवातीला तो बहुतेकदा दुखत नाही."

"म्हणजे दुखते त्याले भ्यायचं नाही, न दुखते त्याले भ्यायचं."

हेच मी दहा भेटींत सांगितलं असतं तरी रुजलं नसतं. माणसाने स्वतः लावलेला अर्थच टिकतो, अशी माझी पक्की धारणा आहे. त्याने पन्नी उघडली नाही.

सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे त्रासाचे. बहुतेकांचे फोड महिनाभरात थांबतात. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोन 0.1 टक्के हे तोंडात लावायचं मलम दिलं, तर जेवणानंतर आणि झोपताना फोड कापसाने टिपून पातळ थर नुसता टेकवा. चोळलं की त्याचे दाणे होतात आणि ते निघून येतं. नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. टूथपेस्ट सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेली घ्या. तंबाखूचं मंजन तर बंदच. फोड वारंवार येत असतील तर रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12 आणि फोलेट तपासून घ्या.

साधा फोड 7 ते 14 दिवसांत भरतो. त्यापुढे राहिला, न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.