मिमेसिस म्हणजे नुसती नक्कल नव्हे

तुमचा प्रश्न असा, की ग्रीक काव्यविचारातला 'मिमेसिस' हा शब्द म्हणजे नक्कल असेल, तर त्याच शब्दावरून प्लेटो कवींना नगराबाहेर काढतो आणि त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल त्यांची बाजू घेतो, हे कसं? गोची 'नक्कल'मध्येच आहे. समीक्षेत रुळलेला 'अनुकृती' हा शब्द बरा, पण तोही वाचला की समोर मूळ वस्तू ठेवून काढलेली प्रतच डोळ्यांपुढे येते.

शब्द निघाला 'मिमोस'वरून. मिमोस म्हणजे सोंग आणणारा नट, आणि त्याचा छोटेखानी खेळही. इ.स.पू. 5व्या शतकात सिराक्यूजचा सोफ्रोन असे मिमोस लिहायचा, साध्या बायाबापड्यांच्या बोलीत. (त्याच्याही मागे जाऊन संस्कृत 'माया'शी नातं जुळवायचा मोह अनेकांना होतो. पुरावा नाही, सोडून द्या.) अपोलो देवाच्या जुन्या ग्रीक स्तोत्रात डेलॉस बेटावरच्या मुली गाताना नाना लोकांच्या बोलण्याचा असा काही आव आणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपलाच आवाज. म्हणजे मूळ गोष्ट कंठाची आणि अंगाची, कागदावरच्या प्रतीची नव्हे.

आता प्लेटो. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात तो हाच अर्थ धरतो. 'इलियड'च्या सुरुवातीला पुजारी ख्रूसेस मुलीला सोडवायला येतो. तिथे होमर स्वतः न बोलता ख्रूसेस होऊन बोलतो, ते मिमेसिस. मग प्लेटो तोच प्रसंग संवाद काढून टाकून सरळ निवेदनात सांगून दाखवतो. (सपक होतो, पण मुद्दा कळतो.) कोणाचंही सोंग आणू शकणारा कवी आला, तर त्याला अत्तर लावा, डोक्याला लोकरीची माळ बांधा आणि दुसऱ्या गावी रवाना करा, असं तो म्हणतो. दहाव्या भागात मात्र अर्थ पालटतो: देवाने केलेला पलंग खरा, सुताराचा पलंग त्याची प्रत, आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग त्या प्रतीचीही प्रत. इथे मिमेसिस म्हणजे सत्यापासून दूर गेलेली प्रतिमा. आपल्याकडे हे दहाव्या भागातलं तेवढं शिकवतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणात म्हणतो, की माणूस पहिले धडे अनुकरणातूनच गिरवतो. किळसवाणे प्राणी, प्रेतं प्रत्यक्षात बघवत नाहीत, पण त्यांची हुबेहूब चित्रं आपण आवडीने बघतो, कारण 'हा तो' असं ओळखण्यात शिकण्याचा आनंद असतो. शोकांतिकेत मिमेसिस होतं ते माणसांचं नव्हे, कृतीचं. आणि कवी घडलेलं नाही, घडू शकेल असं सांगतो. यात प्रत कुठे आली?

आपल्याकडे 'नाट्यशास्त्र'कार भरतानेही नाट्याला लोकवृत्ताचं, म्हणजे लोकांच्या वागण्याचं, अनुकरण म्हटलंय, आणि त्याचा टीकाकार अभिनवगुप्ताने अनुकरणाच्या कल्पनेवर हरकत घेतली, की रसानुभव म्हणजे नक्कल नव्हे. ग्रीकांकडून उसनं घेतलं असं मात्र समजू नका. वाद स्वतंत्रपणे उभा राहिलाय.

जाता जाता, मोबाइलवरचं 'मीम'ही याच घरातलं. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सने 1976 साली त्याच ग्रीक मुळावरचा 'मिमीम' हा शब्द छाटून ते बनवलं, 'जीन'शी (म्हणजे जनुकाशी) यमक जुळावं म्हणून.

'रिपब्लिक' वाचायचं असेल तर तिसरा भाग आधी घ्या, दहावा नंतर.