नगरपरिषद हद्दीतल्या 62 आर शेताचे प्लॉट पाडायला सभागृहाचा ठराव लागतो का?

नाही भाऊ, ठराव लागत नाही.

तुम्ही लिहिलंय ते असं : चोपडा नगरपरिषदेच्या हद्दीत, रहिवास झोनमध्ये तिघा भावांचं सामाईक 62 आर शेत. रस्त्याला लागून 62 मीटर, आत 100 मीटर. आधी वाटण्या करायच्या, मग ज्याने त्याने आपापले प्लॉट पाडायचे असं घरात ठरतंय. आणि कोणीतरी सांगितलंय की सभेत नगरसेवकांचा ठराव झाल्याशिवाय मंजुरी मिळत नाही.

लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशाची, मंजुरी 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली मिळते. कलम 44 खाली अर्ज, कलम 45 खाली मंजुरी, आणि नगरपरिषदेत हे अधिकार मुख्याधिकारी वापरतात. नकाशाची तांत्रिक तपासणी नगररचनावाले करतात. तेव्हा ठरावासाठी कोणाच्या दारात जाऊ नका, पैसे तर मुळीच देऊ नका. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर मानीव मंजुरीची, म्हणजे मंजुरी मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. त्या भरवशावर काम काढू नका. पुढे बँक शिक्क्याचा नकाशाच मागते.

मला खरी काळजी तुमच्या वाटणीची वाटते. लांबीत तीन भाग केले तर प्रत्येकाला वीस मीटरची पट्टी येईल. त्यात 9 मीटरचा रस्ता सोडला की प्लॉटांची एकच ओळ उरते. तिघांचे तीन रस्ते, म्हणजे 27 मीटर गेले. एकत्र लेआउट केला तर 9 मीटरचे दोनच रस्ते पुरतात आणि अकरा-अकरा मीटरच्या चार ओळी बसतात. जमीन 40 आरच्या वर असल्याने 10 टक्के, म्हणजे 620 चौरस मीटर, ओपन स्पेस (सगळ्यांसाठी मोकळी जागा) सोडावी लागेल. ती मनापासून सोडा, कोपऱ्यातल्या नाल्याकाठी ढकलू नका. मंजुरीनंतर प्लॉट नंबरनिशी वाटून घ्या.

रस्त्याबद्दल एवढं का लिहितो ते सांगतो. माझ्या वडिलांनी लेआउट नसलेल्या शेतात तीन गुंठे घेतले, स्टॅम्पपेपरवर. विकणाऱ्याने हात करून दाखवलं होतं, "हाऊ रस्ता शे." आमची माती काळी. आषाढ लागला की सायकलच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च बसायचा, चाक फिरायचं नाही, मग काडीने तो उकरत बसायचं. आई चपला हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायची आणि तिथल्या हातपंपावर पाय धुऊन कामाला जायची. पालिकेकडे रस्ता मागितला तर उत्तर एकच : ती जागा आमच्या नावावर नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली घर नियमित झालं, तरी रस्ता बारा फुटांचाच राहिला, कारण दोन्ही बाजूंनी घरं उभी राहिली होती. आजही आमच्या गल्लीत रुग्णवाहिका आत येत नाही. तुमच्याकडे प्लॉट घेणाऱ्या माणसाच्या घरी हे होऊ नये.

बाकी क्रम सरळ आहे. भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) घ्या, झोन दाखला काढा, परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून नकाशा करून अर्ज टाका. आधी टेंटेटिव्ह (तात्पुरती) मंजुरी येते. मग रस्ते, गटारी, पाण्याची लाइन, विजेचे खांब करून फायनल. मंजुरीची मुदत एक वर्ष असते, ती वाढवून घेता येते, पण सगळी मिळून चार वर्षंच.  फायनलनंतर कजाप (कमी-जास्त पत्रक) होऊन प्लॉटवार सातबारे निघतात. बरेच जण फायनल नकाशा हातात आला की कजापचं विसरतात आणि मग खरेदीखताच्या दिवशी अडतात. फायनलच्या आधी कोणाकडून इसार घेऊ नका, ओळखीचा असला तरी.

मोजणीच्या दिवशी तिघेही भाऊ हजर राहा, शेजारच्या बांधकऱ्यांनाही बोलवा. ट्रॅक्टरने बांध कोरला गेलेला असतो आणि जुना दगड भलतीकडेच सापडतो. ते तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर दिसलेलं बरं. शेतात विहीर असेल किंवा वरून विजेची मोठी तार जात असेल तर तीही त्याच दिवशी नकाशावर घ्यायला लावा, नाहीतर टेंटेटिव्हनंतर सगळे प्लॉट पुन्हा आखावे लागतात.