फझ बिघडलेला नाही, त्याच्या आधी काय जोडले आहे ते पाहा

दुकानात थेट अँपला लावून ऐकलेला जर्मेनियम फझ (गिटारचा आवाज फाडून घोगरा करणारे, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे पेडल) सुरेख वाजला, घरी मात्र ट्यूनर, फझ, ओव्हरड्राइव्ह, डिले अशा क्रमाने पेडलबोर्डवर बसवल्यावर तो कानाला टोचू लागला आणि गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला तरी आवाज मोकळा होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे गिटारवरचे भाग) बदलावेत की पेडल दुरुस्तीला द्यावे, हा तुमचा प्रश्न आहे. कृपया यांपैकी काहीही करू नका. नऊ वर्षांपूर्वी मी हे दोन्ही केले आणि त्यात एक उत्तम पेडल कायमचे गमावले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष ट्यूनरच्या जागेचा आहे. तुमचा ट्यूनर बॉसचा टीयू-३ आहे. त्याचा पायाखालचा स्विच बंद असतानाही गिटारचा सिग्नल त्याच्या बफरमधून, म्हणजे सिग्नलला बळ देणाऱ्या छोट्या सर्किटमधून जातो. लांब केबलमुळे वरचे स्वर दबू नयेत यासाठी ती सोय चांगलीच आहे, परंतु तुमच्या फझला नेमकी तीच मानवत नाही. १९६६ साली इंग्लंडमध्ये आलेल्या फझ फेसच्या घराण्यातले हे पेडल आहे. दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि दोन पॉट (नॉबखालचे बदलते रोध) एवढाच त्याचा संसार असतो. त्याचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध, अवघा काही हजार ओहम असल्यामुळे तो पिकअपवर भार टाकतो, आणि त्या भारामुळेच आवाजाची धार बोथट होऊन तो गोल, भरीव होतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पॉटचा रोध पिकअप आणि फझ यांच्यामध्ये येतो आणि फझ निवळतो. म्हणजे तुमच्या गिटारचे पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट हे या सर्किटचेच भाग आहेत. मध्ये बफर आला की हे नाते तुटते. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज केवळ थोडा लहान होतो, टोचणे तसेच राहते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ‘ट्यूनर सर्वांत आधी’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम मी डोळे मिटून पाळला. आधी पिकअप बदलले, मग केबल बदलली, आणि तरीही फरक पडेना तेव्हा पेडल एका नावाजलेल्या दुरुस्ती केंद्रात दिले. त्यांनी ते गिटारला थेट जोडून एकदाही ऐकले नाही, मी कोणत्या क्रमाने वाजवतो हेही विचारले नाही. तीन आठवड्यांनी पेडल परत आले, सोबत ‘जुने पार्ट खराब होते, नवीन टाकले’ अशी एका ओळीची चिठ्ठी होती. झाकण उघडून पाहिले तर एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची धातूच्या टोपीची जोडी गायब होती आणि तिच्या जागी काळ्या प्लास्टिकचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर डागलेले होते, तेही बायसचे (ट्रान्झिस्टरचे कामाचे व्होल्टेज ठरवणारे) रेझिस्टर न बदलता. जुने पार्ट मागितले तेव्हा ते कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर त्या पेडलमधून सतत सूं सूं आवाज येई आणि रात्री आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे केंद्र ऐकू येई. ती चिठ्ठी आठवली की आजही मला संताप येतो, कारण एक केबल काढून दुसरीकडे लावण्याचे, अर्ध्या मिनिटाचे ते काम होते.

एसी१२८ हे एके काळी ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला सर्रास असत, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात कित्येक रविवार मोडके रेडिओ उलटेपालटे करून मी सहा नग मिळवले. साध्या मल्टिमीटरवरचा गेनचा (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो त्याचा) आकडा त्यांच्या बाबतीत फसवा असतो, कारण त्यात गळतीचा, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून आपोआप झिरपणारा प्रवाहही मोजला जातो. गळती वजा केल्यावर पहिल्या जागी ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १२० गेन असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. सहांपैकी एकच जोडी त्याच्या आसपास बसली. पेडल आता वाजते, परंतु आधीचा आवाज त्यात नाही.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. गिटार, फझ आणि अँप एवढेच जोडून व्हॉल्यूम सातवर आणा. आवाज निवळला तर पेडल निर्दोष आहे. मग फझ पहिला, त्यामागे ट्यूनर, त्यामागे बाकीचे जसे आहे तसे ठेवा. बफर फझच्या नंतर आल्यावर तोच उरलेल्या केबलला उपयोगी पडतो. गिटार सुरात लावताना फझ बंद ठेवावा लागेल, एवढीच गैरसोय आहे. पुढेमागे वाह (पायाने हलवून आवाजाचा रंग बदलणारे पेडल) घेतलात तर माझ्या मते तो फझच्या नंतर लावावा, कारण आधी लावल्यास जुन्या धाटणीच्या वाहचा झोका नीट उमटत नाही आणि कधी कधी शिट्टी वाजू लागते. अर्थात पुष्कळ वादकांना तोच क्रम प्रिय आहे. हे सगळे या जातीच्या फझबद्दल आहे. ज्यांच्या इनपुटलाच बफर असतो अशा आधुनिक फझना ते लागू नाही. वायरलेस वापरत असाल किंवा गिटारमध्ये बॅटरीवरचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील, तर फझ पहिला लावूनही हीच तक्रार राहील, कारण तेथेही सिग्नल बफर होऊनच येतो.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर नाही, तरी विजेबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. पीएनपी (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) जर्मेनियम फझ बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडचा असतो, म्हणजे त्यात बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जोडलेले असते. तसा तो असेल आणि एकाच अ‍ॅडॅप्टरच्या साखळीवर इतर पेडलांबरोबर लावला, तर अ‍ॅडॅप्टर शॉर्ट होतो. अशा फझला साधी ९ व्होल्टची बॅटरी द्या. त्याची विजेची गरज इतकी कमी असते की ती महिनोन्‌महिने पुरते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढत जा. मे महिन्यात उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर पेडल सावलीत ठेवा. जर्मेनियम तापले की गळती वाढते, बायस सरकतो आणि सूर तुटक येऊ लागतात. तेव्हाही पेडल बिघडले असे समजू नका. ते थंड होऊ द्या.

आणि खरोखरच कधी दुरुस्तीची वेळ आली, तर पेडल देण्यापूर्वी झाकण उघडून ट्रान्झिस्टरवरचे क्रमांक वाचता येतील असे छायाचित्र काढा, आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा असे पावतीवर लिहून घ्या.