पहिला बेंतो भरताना

अगं, मुलाच्या बेंतोत, म्हणजे जपानी पद्धतीच्या जेवणाच्या डब्यात, पहिल्याच आठवड्यात भाताचा पांडा करायला बसू नकोस. नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ कागदाचे, डोळे कापण्यातच सकाळ जाते. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा एवढे रंग आले की डबा छान दिसतोच: चेरी टोमॅटो, तामागोयाकी (गुंडाळलेलं जपानी ऑम्लेट), ब्रोकोली, भात, वर काळे तीळ.

नवीन असताना दोन गोष्टी हमखास चुकतात:
- गरम भातावर झाकण. वाफेचं पाणी सुटतं, डबा आंबतो. ताटलीत पसरून पूर्ण गार कर.
- सैल भरणं. आधी भात, मग मोठे पदार्थ, शेवटी फटींत ब्रोकोलीचे तुरे दाबून बसव. डबा हलवून बघ, काही सरकता कामा नये.

आणि टोमॅटो, द्राक्षं अख्खी मुळीच नकोत, घशात अडकतात. उभ्या चार फोडी कर, पाणी टिपून घे. बालवाडीच्या मुलाला ३५० मिलिलिटरचा डबा पुरतो.