पैशांत फसवणाऱ्या मित्राने माफी मागितलेली नाही, तरी त्याच्याशी पुन्हा बोलावं का?

बोला. त्याच्या माफीची वाट बघत बसू नका. मात्र बोलणं सुरू झालं म्हणून व्यवहारही लगेच जोडायला जाऊ नका. या दोन गोष्टींची गाठ मारली की माणूस अडकतो. ‘बोललो तर पैसे सोडल्यासारखं होईल’ असं तुम्ही लिहिलंय, ती हीच गाठ.

आमचं गाव देवगड तालुक्यात. शाळेपासूनच्या मित्राबरोबर मी एक आंब्याची बाग कराराने घेतली होती. फवारणी, राखण, काढणी माझ्याकडे. पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात पाठवणं आणि दलालाशी बोलणं त्याच्याकडे. सीझन संपल्यावर त्याचा हिशोब आणि दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, जुळेनात. पेटीमागे भाव कमी दाखवलेला. पट्टीवरचा आकडा मी डोळ्यांनी बघितला, त्यामुळे गैरसमज म्हणायला जागाच नव्हती. एकाच वाडीत अबोला म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चवथीला भजन त्याच्या घरी गेलं की मी खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, मागे फिरायचो. दोघांच्या बायका बोलायच्या, पण चोरून.

त्या वर्षी त्याच्या घरात मोठं आजारपण होतं, हे मला मागाहून कळलं. म्हणून लबाडी बरोबर ठरत नाही. पण माझ्या वडिलांना रात्री ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायची वेळ आली, तेव्हा गाडी काढून आलेला माणूसही तोच होता. त्याला एका पट्टीपुरताच मोजायचा का, हा प्रश्न मला बरेच दिवस सोडेना. शेवटी मी मनातून राग काढून टाकला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी मला झोप लागायला लागली.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी क्षमेची एक स्वाध्याय-पुस्तिका स्वतःची स्वतः सोडवायची होती. ती सोडवल्यावर मनातली अढी कमी झाली, चिंता आणि नैराश्याची लक्षणंही उतरली. दुखावणारा माणूस समोर असण्याची गरजच पडली नाही.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. माझ्या त्या मित्राची कलमं मुळासकट आडवी झाली, खाली आंब्यांचा खच. असा आंबा कॅनिंगलाच, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यालाच जातो, तोही लगेच उचलला तर. कोरोनामुळे गडी मिळत नव्हते. मी क्रेट घेऊन गेलो. तो म्हणाला, “इलंस?” मी म्हटलं, “होय. खंयसून सुरू करूया?” दिवसभर आंबे वेचले. जुना विषय मी काढला नाही. पावसाळ्यात त्यानेच काढला, आणि काही पैसे थोडे थोडे करून दिलेही. सगळे नाही. आज आम्ही एकमेकांच्या बागेत मदतीला जातो, पण पेट्या ज्याच्या त्याच्या नावाने जातात. मला ते असंच बरं वाटतं.

तुमचा मित्र गणपतीला गावी येतो म्हणता, तर तेव्हाच जा. आरतीच्या वेळी मात्र नको. घर भरलेलं असतं, सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर. सकाळच्या वेळी एकटे जा, गणपतीला नमस्कार करा, पोरांची चौकशी करा, चहा घ्या आणि उठा. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नका. मध्ये कुणा नातेवाइकाला घालू नका, निरोप पोचेपर्यंत त्यातले शब्द बदलतात. त्याने तोंड फिरवलं तर वाद न घालता परत या. आणि पैसे हवे असतील तर ते पुढे कधीतरी, वेगळ्या दिवशी, कागद समोर ठेवून खुशाल मागा.