दोन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला गिफ्ट सगळ्यांसमोर उघडायची का?

नको हो, अजिबात नको. आपल्याकडे रत्नागिरी-चिपळूणला तशी पद्धतपण नाही, औक्षण झालं, केक कापला की पाव्हणे पाकीट नाहीतर खोका हातात देतात आणि प्लेट घेऊन बसतात. दोन वर्षांच्या पोराला कागद फाडण्यातच मजा, खेळणं राहतं बाजूला आणि ते चकचकीत कागद घेऊन पळत सुटतं, वर वाडीतली बाकीची पोरं "मला, मला" करत तुटून पडतात, मग रडारड ठरलेली. आज्जीने हट्टच धरला (धरतेच) तर तिचं एकच उघडा, बाकी सगळं आतल्या खोलीत. पाकिटं मात्र लगेच आत्याच्या ताब्यात, आणि कोणी काय दिलं ते तिथल्या तिथे खोक्यावर पेनाने लिहा, उद्या त्यांच्याकडे कार्याला जाताना आहेर बघावा लागतो ना.

नंतर रोज एक-एक काढा. बटण सेलवालं खेळणं असेल तर झाकण स्क्रूने घट्ट बसलंय का बघाच, तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. आणि खोक्यावर तीन वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापलेलं असेल तर सरळ माळ्यावर टाका.