आधी प्रश्न कागदावर उतरव

पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. तुझ्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांच्या सांगण्यावरून तू कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) सुधारायला कॉलेजांना, पुरवठादारांना, स्टार्टअपवाल्यांना उपाय विचारलेस. चाळीसेक उत्तरं आली, ती टेबलावर पडून आहेत. मेथड्सवाले, म्हणजे ओतायची पद्धत ठरवणारे तुमचे लोक, म्हणतात, "हे आम्हाला शिकवणार?" मालकांना धास्ती, आपलं गुपित बाहेर गेलं की काय. आणि तू विचारतेस, दार उघडलं हेच चुकलं का?

दार उघडलंस ते बरोबरच. पण तू विचारलंस काय? 'कास्टिंगची गुणवत्ता सुधारण्यासाठी नवकल्पना हव्यात.' याला प्रश्न म्हणत नाहीत. कुठलं कास्टिंग, कुठल्या जागी दोष, शंभरात किती, कुठल्या पाळीत? आधी प्रश्न कागदावर उतरव.

कोल्हापूरजवळ शिरोलीत माझ्या फौंड्रीत पंपाच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) ब्लो होल यायचे. मशीनवर चढवून कातलं की टाचणीच्या डोक्याएवढी काळी भोकं उघडी पडायची. दोन वर्षं मी कुणाला बोललो नाही. त्याला कारण होतं. त्याआधी एका ग्राहकाला गेटिंगची, म्हणजे साच्यात रस सोडायच्या वाटांची, माझी पद्धत दाखवली, आणि सहा महिन्यांत ते काम दुसऱ्या फौंड्रीत गेलं. त्या अनुभवानंतर तोंड मिटलं तर काय चुकलं? आजही मी ड्रॉइंग दाखवणार नाही. पण प्रश्न दाखवला म्हणजे ड्रॉइंग दिलं असं होत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तेवढं भंगार परत वितळवलं, ते अजून सलतं.

शेवटी वही घातली. तारीख, पाळी, पाऊस. महिन्याभरात एक ओळ हाती आली: 'पावसाळ्यात, सकाळच्या पाळीत, रात्री करून ठेवलेल्या कोअरला.' कोअर म्हणजे भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. ओळीत ना ग्राहकाचं नाव, ना माप. ती ओळ वाचून माझा बेकरीवाला मेहुणा म्हणाला, "दाजी, कोअर रात्रभर उघडे ठेवता? आमची खारी अशीच सादळते." वाळूचा कोअर दमट हवा पितो, वितळलेला रस पडला की त्या ओलीची वाफ धातूत शिरते. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण ओळ लिहिली नव्हती.

अलास्कात समुद्रात सांडलेलं तेल बार्जवर, म्हणजे सपाट बोटीवर, गोळा केलं की थंडीने घट्ट व्हायचं, उपसता यायचं नाही. तिथल्या एका संस्थेने प्रश्न नेमका मांडून जगापुढे ठेवला. 2007 मध्ये जॉन डेव्हिस या रसायनतज्ज्ञाने काँक्रीट ओतताना ते हलवून वाहतं ठेवणारा व्हायब्रेटर सुचवला आणि 20,000 डॉलरचं बक्षीस घेतलं. तेलाच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता.

आता मेथड्सवाल्यांचं. त्यांच्यावर चिडू नकोस, प्रश्न त्यांच्याकडूनच लिहून घे. माझा कोअर शॉपचा फोरमन महिनाभर फुगून बसला होता; वही त्याच्या हातात दिली, तेव्हा कोअर कोरडे ठेवायचं गरम कपाट त्यानेच बनवलं. नेटफ्लिक्सने 2009 मध्ये 10 लाख डॉलर देऊन, कुणाला कुठला सिनेमा आवडेल ते सुचवण्याची, स्पर्धेत जिंकलेली पद्धत घेतली, पण ती पूर्ण बसवलीच नाही; बसवण्याच्या खटाटोपापुढे फायदा तोकडा वाटला. म्हणून प्रश्नाखाली हेही लिही: कोण बसवणार, कुठल्या लाईनवर, किती खर्चापर्यंत. कल्पना कुणाची राहील, त्याला काय मिळेल, हे आधी ठरव. फुकटात माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तेवढं लिहिता येत नसेल तर कुणाला विचारूच नकोस, सांगून ठेवतो.

त्या चाळीस जणांना या आठवड्यात उत्तर दे, नकार असला तरी. रविवारी उद्यमनगरात घरी ये. येताना वही आण, आणि नापास झालेले दोन तुकडे, कातलेले.